हात वर करणारा

सुरुवातीलाच माफी मागतो. लेख लिहावा असा माझा काही अधिकार नाही. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिला, आणि गेलो म्हणून फार काही कळायला लागलं असंही नाही. उलट 'हा कॉलेजात आहे, याला कळतं' असं सगळ्यांनी धरून चालल्यामुळे माझ्या हातून जे झालं, तेच इथे लिहायचं आहे. ललित लेखात राग चालतो का, असं मी आमच्या मराठीच्या मॅडमना विचारलं. त्या म्हणाल्या, "राग चालतो, आरडाओरडा चालत नाही." प्रयत्न करतो. कुठे आवाज चढलाच तर समजून घ्यावं.

दिवाळीचे कंदील उतरले की भांडुपला आमच्या टेकडीखालच्या मैदानात लाल मातीचा ट्रक येतो. माती पसरतात, खडे वेचतात, पाणी मारतात, रोलर फिरवतात. मग दोरी ताणून फक्कीच्या पांढऱ्या रेषा मारतात. ओल्या मातीवर फक्की पडली की एक वास सुटतो, थोडा नाकात चढणारा, शाळेतल्या फळ्याजवळ बसल्यासारखा. सकाळी टेकडीवरून गार हवा उतरते. गल्लीतली लहान पोरंसुद्धा डांबरावर खडूने रेघ ओढून दम घुमवायला लागतात. माझे पप्पा लिफ्ट दुरुस्तीचं काम करतात. एरवी ते थेट घरी येतात, पण या दिवसांत आधी मैदानाला एक चक्कर होते. त्यांचं एक वाक्य ठरलेलं आहे. "ज्या खेळात शिवलं की गुण मिळतो, तो खेळ आपला." लहानपणी मला ते नुसतं खेळाबद्दल वाटायचं.

यंदाही ट्रक आला, रेषा पडल्या. संध्याकाळी मी खिडकीत अभ्यासाला बसतो आणि खालून 'कबड्डी, कबड्डी' ऐकू येतं. पण दोन वर्षांपासून माझ्या कानात त्याच्या जागी दुसराच शब्द वाजतो. सिमेंट, सिमेंट, सिमेंट. हसू नका. म्हणजे हसलात तरी चालेल, मीही हसलो होतो.

दोन हिवाळ्यांपूर्वी आमच्या मैदानात एका विनोदी चित्रपटाचं शूटिंग झालं. खेळाच्या धंद्याची खिल्ली उडवणारा चित्रपट. एक सिमेंटवाला शेठ कबड्डीचा संघ विकत घेतो, कारण घोड्यांपेक्षा माणसं स्वस्त पडतात असं त्याला त्याचा मुनीम सांगतो. मग तो नियम करतो की चढाई करणाऱ्याने 'कबड्डी' म्हणायचं नाही, 'सिमेंट' म्हणायचं. समोरचा संघ बनियनवाल्याचा, म्हणून ते 'बनियन, बनियन' करत येतात. एका खेळाडूचा उजवा गुडघा एका कंपनीचा आणि डावा तिच्या वैरी कंपनीचा, त्यामुळे त्याला दोन्ही गुडघे एकदम वाकवायची परवानगी नाही. आमच्या मंडळाची पोरं संघ म्हणून घेतली होती. त्यांनी हे ऐकलं तेव्हा सगळे पोट धरून हसले. खरंच गंमत होती. आणि ही गंमत आमच्या बाजूची आहे, असंच आम्हाला वाटलं. कोणीतरी मोठी माणसं कॅमेरे घेऊन आली आहेत आणि आमच्या वतीने शेठ लोकांना चिमटे काढत आहेत.

आता माझा चुलतभाऊ सुमेध. मी त्याला दादा म्हणतो. आमच्या घरापासून तिसरं दार. तो डाव्या कोपऱ्यात खेळायचा. कोपऱ्यातला खेळाडू म्हणजे दाराआडचं मांजर, दिसत नाही आणि एकदम घोटा धरतो. दादाने घोटा धरला की सुटत नसे. पण भांडुप-मुलुंडच्या मैदानांवर त्याला ओळखत ते दुसऱ्याच गोष्टीमुळे. चढाई करणारा शिवून सुखरूप परत गेला, की ज्याला शिवलं तो बाद. पंचाने पाहिलं तर प्रश्न नाही. पण कधी कधी नुसतं नखाचं टोक लागतं, कापडाला बोट घासतं, आणि पंचाला दिसत नाही. अशा वेळी जुनी रीत आहे की ज्याला शिवलं त्याने आपणहून हात वर करायचा आणि मैदानाबाहेर जायचं. आता ही रीत फार कोणी पाळत नाही. दादा पाळायचा. अंतिम सामन्यात, एका गुणाने मागे असताना, शेवटच्या मिनिटाला त्याने हात वर केलेला मी पाहिला आहे. आमचे प्रशिक्षक सावंत सर, मूळचे मालवणकडचे, त्या दिवशी डोक्याला हात लावून म्हणाले, "अरे झिला, पंचाक दिसूक नाय मां? मग तुका कित्याक दिसला?" आणि घरी जाताना त्यालाच स्वतःच्या स्कूटरवर घेऊन गेले.

शूटिंगच्या दुसऱ्या दिवशीची गोष्ट. चित्रपटाच्या हिरोने दादाच्या खांद्याला शिवून परत जायचं, आणि दादाने 'शिवलंच नाही' म्हणून पंचाशी भांडत बसायचं. भांडण चालू असताना मैदानात जाहिरातींचे फलक नाचत येणार, असा विनोद होता. हिरो शिवला, परत गेला. दादाने हात वर केला आणि चालायला लागला.

"कट. अरे, कुठे चाललास?"

"बाहेर."

"का?"

"शिवला ना तो."

"अरे बाबा, तू भांडायचंय. कळलं? तू आउट नाहीस."

दादाने मान हलवली. पुन्हा हिरो आला, पुन्हा शिवला, आणि दादाचा हात पुन्हा वर. किती वेळा झालं ते मी मोजलं नाही. दादा घामाघूम झाला, सॉरी सॉरी म्हणत होता. "हात आपोआप जातो सर," असं म्हणाला. आधी दिग्दर्शक चिडले. मग त्यांना हसू फुटलं. मग सगळेच हसायला लागले, दिवे धरणारे, मेकअपवाले, हिरो तर खाली बसला. आमची मंडळाची पोरंही हसली. बांबूला टेकून मीही हसलो.

आज वाटतं, त्या हसण्यातच सगळं होतं. पण तेव्हा आम्हाला अभिमान वाटला, कारण दिग्दर्शकांनी तिथल्या तिथे दादासाठी एक भूमिका तयार केली. येडा खेळाडू. कुणी शिवो न शिवो, पंख्याचा वारा लागला तरी हात वर करून बाहेर जाणारा. शेठ त्याला विकायला काढतो आणि कोणी घेत नाही. जो आमच्याकडे चांगुलपणा होता, तो त्यांच्याकडे विनोद झाला, आणि हे व्हायला मधल्या सुट्टीइतकाही वेळ लागला नाही.

भूमिका आली म्हणजे करारपत्र आलं. साहाय्यक दिग्दर्शक कुणाल ते घेऊन आमच्या घरी आला. अंधेरीचा, बोलायला गोड. "फॉर्मॅलिटी आहे यार, टेन्शन नको घेऊ." आठ पानं, इंग्रजीत. दादाने ती पानं माझ्याकडे दिली. तो बारावीनंतर कामाला लागलेला. पप्पा, काकू, सगळे माझ्या तोंडाकडे बघत बसले. मी तेव्हा पहिल्या वर्षाला होतो. वाक्यं इतकी लांब होती की शेवटाला येईपर्यंत सुरुवात विसरायला व्हायचं. 'मला कळत नाही, थांबा, कोणाला तरी विचारून येतो,' एवढंच म्हणायला हवं होतं. पण भिंतीवर निळ्या कोटातला तो फोटो होता, त्याच्याखाली माझं बारावीचं सर्टिफिकेट काकूंनी फ्रेम करून लावलेलं होतं, आणि कुणाल चहा पीत माझ्याकडे बघत होता. मी पानं उलटली. थोडा वेळ भुवया आवळल्या. आणि म्हणालो, "काही नाही दादा, नेहमीचंच आहे. कर सही."

त्याला सही करताना मी पाहिलं. पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट, शाळेतल्यासारखं सुवाच्य.

जानेवारीत वर्सोव्याला शेवटचं शूटिंग झालं. खेळाडूंच्या लिलावाचा प्रसंग. विनोद असा की लिलाव माशांच्या बाजारात होतो आणि खेळाडूंना टोपल्यांत बसवून विकतात. मीही गेलो होतो, कॉलेज बुडवून. किनाऱ्यावर होड्या, बांबूंवर वाळत घातलेले बोंबील, आणि उन्हाबरोबर वाढत जाणारा त्यांचा वास. त्या वासाने मेकअपवाल्या मुली तोंडाला रुमाल बांधून फिरत होत्या आणि तिथल्या कोळणी त्यांच्याकडे बघून हसत होत्या. दादाला मोठ्या टोपलीत बसवलं, मांडीवर बर्फ घातला. बर्फ मात्र खराखुरा होता. बोली लावायला तिथल्याच एका मावशींना घेतलं होतं. दोन शॉटच्या मध्ये त्या वाकून दादाला म्हणाल्या, "आमचा म्हावरा मेल्यावर टोपलीत येतो रे पोरा. तू जिताच येऊन बसलास?"

दादा म्हणाला, "काम आहे मावशी."

"काम आमचं पण आहे. पण माशाला लाज नसते." आणि स्वतःच्या पदराने त्यांनी त्याच्या मांडीवरचा बर्फ बाजूला सारला. तर लगेच कुणीतरी ओरडलं की बर्फ हलवू नका, आधीच्या शॉटशी जुळणार नाही.

त्या चित्रपटात हे वाक्य नव्हतं. मावशींचं. लिहिणाऱ्यांना सुचलंच नव्हतं.

त्याच दिवशी निघताना दादाने सहज कुणालला सांगितलं की पुढच्या महिन्यात उपनगर जिल्ह्याच्या संघासाठी निवड चाचणी आहे. सावंत सर दोन वर्षं याच चाचणीसाठी त्याला घासत होते. निवड झाली की राज्य स्पर्धा, राज्य स्पर्धेचं प्रमाणपत्र मिळालं की खेळाडूंच्या राखीव जागेतून सरकारी नोकरीला अर्ज करता येतो. त्या अर्जाला वयाची अट असते. दादाचं ते शेवटचं वर्ष होतं. दादा पाच वर्षं एका गोदामात खोकी उचलत होता, तिथून बाहेर पडायचं जे एक दार होतं ते हे.

कुणाल मोबाइलमध्ये बघत म्हणाला, "मॅच वगैरे नको हं रिलीजपर्यंत. पान सहा बघ ना." आणि गाडीत बसून गेला.

घरी येऊन मी पान सहा उघडलं. या वेळी डिक्शनरी घेऊन बसलो. चित्रपट प्रदर्शित होईपर्यंत सदर व्यक्तीने हा खेळ कोणत्याही स्पर्धेत किंवा लोकांसमोर खेळू नये, असं तिथे लिहिलेलं होतं. प्रदर्शन कधी, ते लिहिलेलं नव्हतं. मी ते वाक्य तीनदा वाचलं, ते कुठल्याही बाजूने वाचलं तरी तेच सांगत होतं. दादाला मी ते मराठीत करून सांगितलं. तो मला रागावला असता तर बरं झालं असतं.

खेळाडूचे गुडघे विकणाऱ्या शेठवर चित्रपट काढणाऱ्यांनी माझ्या भावाचा सगळा मोसम एका ओळीत बांधून घेतला होता, आणि त्यांच्यापैकी एकाच्याही हे लक्षात आलं नव्हतं. मला राग कसला येतो, तर याचा. लक्षात येऊन केलं असतं तर मी त्यांना बदमाश म्हणून मोकळा झालो असतो. पण त्यांच्या दृष्टीने ते आमच्याच बाजूचे होते. खिल्ली उडवणाऱ्याला ही मोठी सोय असते. तो ज्याला हसतो ते सगळे दुसरे, स्वतः तो कायम बाहेर उभा, कॅमेऱ्यामागे, स्वच्छ.

आम्ही गप्प बसलो नाही. मी रात्रंदिवस खपून त्यांच्या ऑफिसला इंग्रजीत ईमेल लिहिला. फक्त एका चाचणीसाठी परवानगी द्या, चेहऱ्यावर काही बदल होणार नाही, केस कापणार नाही, असं सगळं. कॉलेजातल्या एका सरांकडून तपासून घेतला. उत्तर आलं नाही. दुसरा पाठवला. कुणालचा फोन लागेना. सावंत सर घरी आले आणि दारातूनच म्हणाले, "तो कागद फाड आणि उद्या शूज घालून ये. कोण बघायला येतोय?"

पप्पा म्हणाले, "सर, फाड म्हणू नका. कागदावर सही केलीय त्यानं. आपल्याला जे काही मिळालं ते कागदानंच मिळालंय. आज हा कागद खोटा म्हटला तर उद्या आपला कागद खरा कोण म्हणेल?" पप्पांचा चेहरा असा होता की सरही खाली बसले.

मी दादाला बाहेर ओढून नेलं. "अरे, खरंच कोण बघतंय? शंभर पोरं असतात चाचणीला. त्यांच्यातला कोणी येणारे का तिथे?"

दादा म्हणाला, "पंचानं बघितलं नाही म्हणून उभा राहू काय मैदानात?"

"हे मैदान नाहीये, यार."

"मग काय आहे?"

चाचणीच्या सकाळी तो गोदामात कामावर गेला. सावंत सरांनी त्यानंतर काही महिने आमच्या गल्लीतून जाणं सोडलं.

मग चित्रपटाची वाट बघणं सुरू झालं. उन्हाळ्यात येईल, गणपतीत येईल, दिवाळीत येईल. मुलुंडच्या मॉलबाहेरच्या पोस्टरांवर मी दर शुक्रवारी नजर टाकायचो. दादाने दोन मोसम मैदानात पाय ठेवला नाही. शेवटी सावंत सरांनीच तोडगा काढला. शिकवणं म्हणजे खेळणं नव्हे, असं म्हणून आमच्या वस्तीतल्या मुलींचा संघ त्याच्या हातात दिला. ते शिकवणंही तो स्पर्धेच्या दिवशी करत नाही. सामने असले की कठड्याबाहेर, रसवंतीच्या गाडीमागे उभा राहून बघतो. पान सहावर 'लोकांसमोर' असा शब्द आहे ना, म्हणून.

मधल्या काळात मी बराच राग गिळला. कॉलेजात कोणी विनोदी व्हिडिओ दाखवला की मला त्यात न दिसणाऱ्या माणसांचा विचार येतो. ज्याच्यावर हसतात तो नंतर कुठे गेला, त्याने काय सही केली होती, त्याच्यासाठी ते इंग्रजी कोणी वाचलं होतं. हे असं सारखं डोक्यात येणं बरं नाही, मला कळतं. मैत्रिणीही म्हणतात, तू फार सिरियस आहेस रे. असेन. सगळा राग बाहेरच्यांवर नाही, हेही सांगितलं पाहिजे. आठ पानांपैकी एक पान मला कळलं नव्हतं, आणि न कळल्याचं मी लपवलं. शिकलेल्या माणसाची माझी ती पहिली खूण.

परवा आमच्या कॉलेजची एकांकिका अंधेरीला स्पर्धेसाठी होती. मी पडदा ओढायला होतो. परीक्षकांत कुणाल. दाढी वाढलेली, पण तोच. चहाच्या टेबलाजवळ मी त्याला गाठलं. त्याने आधी ओळखलं नाही. मग म्हणाला, "अरे, भांडुप. तो हात वर करणारा. काय भारी माणूस होता यार. आम्ही अजून पार्टीत त्याची नक्कल करतो."

मी विचारलं, "पिक्चर कधी येतोय?"

"कुठला? तो? तो बंद पडला ना. वर्सोव्याच्या शूटिंगनंतर चार-पाच दिवसांत. प्रोड्यूसर बाजूला झाला, ऑफिसलाच टाळं लागलं. माझा फोनही त्यांचाच होता, परत घेतला. सगळ्यांची वाट लागली."

"आणि पान सहा?"

"काय पान सहा?" मी सांगितलं. तो म्हणाला, "ते सगळ्यांच्या करारात असतं रे. कोणी पाळतं का? हिरो स्वतः त्याच महिन्यात मॅच खेळला सोसायटीची, फोटो टाकले होते. तुझा भाऊ…" मग त्याने चहाचा कप खाली ठेवला. "नाही ना? यार, नाही ना?"

त्याच्या चेहऱ्यावर खरोखर वाईट वाटल्यासारखं दिसत होतं. माझा राग त्यानेही कमी झाला नाही. मी पडदा ओढायला आत गेलो, आणि तो चुकीच्या वेळी ओढला.

दुसऱ्या दिवशी मैदानात गेलो. दादा मुलींचा सराव घेत होता आणि स्वतः वाकून पुसट झालेल्या रेषेवर फक्की टाकत होता. मी त्याच्या शेजारी चालत चालत सगळं सांगितलं. कुणाल भेटला, पिक्चर बंद पडला, करार कोणी पाळत नाही. ते नकला करतात, तेवढं सांगितलं नाही. दादाने हातातली रेषा कोपऱ्यापर्यंत पूर्ण केली. हात पँटला पुसले.

"कधी बंद पडला?"

"वर्सोव्यानंतर लगेच. चार-पाच दिवसांत."

"म्हणजे चाचणीच्या आधी."

"आधी. तीन आठवडे तरी."

त्याने मान हलवली. मैदानात चढाई चालू होती. चढाईवाली मुलगी परत फिरता फिरता कोपऱ्यातल्या मुलीच्या ओढणीला बोट लावून गेली. पंच म्हणून उभी असलेली मुलगी दुसरीकडे बघत होती. कोपऱ्यातल्या मुलीने हात वर केला, आमच्याकडे एकदा बघितलं आणि रेषेबाहेर येऊन उभी राहिली.

अशा वेळी दादा रोज 'शाब्बास' म्हणतो. काल म्हणाला नाही.